एका भाडेकरूचे घर

पंढरपूरचा विठोबा विटेवर उभा आहे, हे महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक असते. पण ती वीट कोणी पाडली, असे कीर्तनात कोणी विचारीत नाही. आमच्या मनात मात्र तो प्रश्न येतो, याचे कारण आमच्या कामात आहे. कामगार संघटनेच्या कामात जी माणसे भेटली त्यांत वीटभट्टीवरची कुटुंबे पुष्कळ. साच्यात चिखल घालणारा बाप, ओली वीट उन्हात ओळीने मांडणारी आई आणि ती अर्धी वाळली की उलटी करणारे पोर. त्यामुळे एखादी नामांकित वास्तू पाहिली की आमची दृष्टी प्रथम भिंतीकडे जाते, मालकाच्या नावाकडे मागाहून वळते.

आपल्या वऱ्हाडात शेतीच्या जमिनीला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. पांढरीच्या मातीने घरे उभी राहायची आणि पडली की त्याच मातीत मिसळायची. भाजलेली वीट ही सरकारी कचेरीची, नाहीतर पैसेवाल्याची खूण होती. त्यामुळे विटांचे घर म्हटले की आपल्याकडे कोणा तरी धन्याचा वाडा डोळ्यांपुढे येतो. आज आम्ही ज्या घराविषयी लिहीत आहोत ते विटांचेच आहे, पण ते धन्याच्या नावाने ओळखले जात नाही. त्याचे सारे धनी विस्मरणात गेले आणि एका भाडेकरूचे नाव राहिले. हे घर लंडन शहरात, किंग हेन्री मार्गावर, दहा क्रमांकाचे. भाडेकरू म्हणजे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. ते तेथे १९२१-२२ साली राहिले.

प्रथम जागेविषयी. लंडनच्या उत्तरेस प्रिमरोज हिल नावाची एक हिरवी टेकडी आहे. तिच्या आसपासची मोठी जमीन ईटन येथील प्रसिद्ध विद्यालयाच्या मालकीची होती. इंग्लंडचा राजा सहावा हेन्री याने हे विद्यालय १४४० साली स्थापन केले आणि पुढे ही जमीन त्याला इनाम दिली. मार्गाचे नाव त्या राजावरून पडले. शेकडो वर्षे तेथे शेते आणि कुरणे होती. १८३७ साली लंडनहून बर्मिंगहॅमकडे जाणारा लोहमार्ग या टेकडीखालच्या बोगद्यातून गेला आणि शहर तिकडे सरकू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेताच्या जागी घरांच्या रांगा उभ्या राहिल्या.

त्या रांगा कशा उभ्या राहिल्या हे समजण्यासारखे आहे. जमीनदार जमीन विकीत नसे. तो ती बहुधा नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने एखाद्या ठेकेदाराला देई. ठेकेदार उसनवारीने पैसा उभा करी, एकाच नमुन्याची दहा-वीस घरे भिंतीला भिंत लावून बांधी आणि गिऱ्हाईक मिळेल त्याला पट्ट्याचा हक्क विकी. गिऱ्हाईक स्वतः राही किंवा खोल्या भाड्याने देई. म्हणजे एका घरावर जमीनदार, ठेकेदार, पट्टेदार आणि भाडेकरू असे चार थर असत. आपल्याकडच्या मालगुजारीत आणि कुळवहिवाटीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना हे थर निराळे समजावून सांगायला नकोत. सर्वांत खालच्या थरातला माणूस दर आठवड्याला रोख पैसे मोजी आणि घरावर त्याचा हक्क काडीचाही नसे.

आता विटेविषयी. लंडनची जुनी घरे ज्या विटेची आहेत ती पिवळसर, धुराने काळवंडलेली वीट आहे. टेम्सच्या खोऱ्यातील चिकणमातीत खडूची भुकटी आणि चाळलेली राख मिसळून ती पाडीत. ही राख येई लंडनच्याच घराघरांतील शेगड्यांतून. केर उचलणारे ती गोळा करीत, उकिरड्यावर बसून बाया ती मोठमोठ्या चाळण्यांनी चाळीत आणि वीटवाले ती विकत घेत. मातीत मिसळलेली राख आवा पेटला की आतून जळे आणि वीट गाभ्यापर्यंत भाजून निघे. म्हणजे एका घरातील चुलीची राख दुसऱ्या घराच्या भिंतीत जाऊन बसे. विटेवर तेथे १७८४ पासून कर होता. तो १८५० साली उठला, पुढच्या वर्षी खिडक्यांवरचाही कर गेला आणि त्यानंतर घरे झपाट्याने वाढली. मोठ्या खिडक्या आणि मोकळ्या हाताने वापरलेली वीट ही त्या सुटलेल्या करांची खूण आहे.

या घरांची रचना माणसांच्या पायऱ्यांप्रमाणे केलेली असे. रस्त्याच्या पातळीखाली तळघर असे. तेथे स्वयंपाकघर आणि कोळशाची कोठी. कोळसेवाल्याने आणि मोलकरणीने खालच्या जिन्याने यावे, पाहुण्यांनी चार पायऱ्या चढून दर्शनी दाराने यावे, असा नेम. पहिल्या मजल्यांवर उंच छताच्या बैठकीच्या खोल्या. जसजसे वर जावे तसतशा खोल्या ठेंगण्या होत आणि खिडक्या आखूड. अगदी माथ्यावर, कौलांखाली, नोकर माणसांची झोपण्याची जागा. भिंतीच्या समोरच्या बाजूस गवंड्याचे कसब दिसते. विटांची एक लांब बाजू, मग एक टोक, पुन्हा लांब बाजू, अशी वीण घालून दर्जा नीट भरलेल्या असतात. मागची बाजू मात्र साधी. जी भिंत रस्त्यावरून दिसत नाही तिच्यावर ठेकेदार पैसा घालीत नसे. सर्व देशांतले ठेकेदार या बाबतीत भाऊभाऊ आहेत.

हे गवंडी कोण होते? त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत, पण त्यांनी एक गोष्ट केली ती इतिहासात नोंदलेली आहे. १८५९ साली लंडनच्या बांधकाम कामगारांनी नऊ तासांच्या दिवसाची मागणी केली. मालकांनी उत्तर म्हणून टाळेबंदी पुकारली आणि 'मी संघटनेत राहणार नाही' असा कागद लिहून देईल त्यालाच कामावर घेऊ म्हणून सांगितले. हजारो माणसे महिनोन् महिने घरी बसली. अखेर तो कागद मालकांना मागे घ्यावा लागला, नऊ तास मात्र तेव्हा मिळाले नाहीत. ज्या पिढीने हा लढा दिला त्याच पिढीच्या हातांनी उत्तर लंडनच्या या रांगा उभ्या केल्या.

आणि वीट पाडणारे? जॉर्ज स्मिथ नावाचा एक गृहस्थ होता. त्याने लहानपणी स्वतः भट्टीवर डोक्यावरून मातीचे गोळे वाहिले होते. मोठेपणी तो भट्टीचा व्यवस्थापक झाला, पण आपली जुनी मान विसरला नाही. भट्टीवरच्या पोरांची दैना त्याने वर्तमानपत्रांतून आणि सभांतून मांडली आणि १८७१ साली पुस्तकरूपाने छापली. त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा केला की दहा वर्षांखालील मुलगे आणि सोळा वर्षांखालील मुली यांना वीटभट्टीवर लावता येणार नाही. त्याआधीच्या विटा लहान मुलांच्या हातूनही गेलेल्या आहेत, हे त्या सुंदर रांगांकडे पाहताना विसरू नये.

अशा एका घरात आंबेडकर कसे येऊन पोचले? ते प्रथम लंडनला आले १९१६ साली. अर्थशास्त्राच्या विद्यालयात आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन येथे त्यांनी नाव घातले. परंतु बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पुढे १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. पगारातून पै पै शिल्लक टाकली, नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज काढले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले आणि १९२० च्या जुलैत ते पुन्हा बोटीवर चढले. मागे परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत रमाबाई संसार ओढीत राहिल्या. 'मूकनायक' पत्र त्याच वर्षाच्या ३१ जानेवारीस सुरू झालेले होते. तीस वर्षांचा हा विद्यार्थी म्हणजे बाप, कर्जदार, संपादक आणि आपल्या समाजाचा पुढारी असे सारे काही होता.

लंडनला त्यांनी बिऱ्हाडे बदलली. त्यांतले एक हे किंग हेन्री मार्गावरचे. १९२२ सालच्या त्यांच्या पत्राच्या माथ्यावर हा पत्ता आढळतो. त्या दिवसांतील त्यांची राहणी चरित्रकारांनी वर्णिली आहे. खाणावळीचा सकाळचा फराळ म्हणजे पावाचा तुकडा आणि चहाच्या पेल्यासारखे काहीतरी गरम. मग ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दार उघडण्याच्या सुमारास जाऊन बसायचे, ते बंद होईपर्यंत उठायचे नाही. दुपारच्या जेवणाला पैसा नाही आणि वेळही नाही. संध्याकाळी परत, पुन्हा वाचन. रात्री दहाच्या सुमारास भूक असह्य झाली म्हणजे कोणी ओळखीच्याने दिलेले पापड पत्र्यावर भाजून खायचे आणि वर पेलाभर दूध. सोबतीला अस्नोडकर नावाचे मराठी गृहस्थ होते. त्यांना सांगत, की मला वेळ नाही आणि पैसाही नाही, अभ्यास लवकरात लवकर उरकला पाहिजे.

या पापडाच्या गोष्टीचे भाविक वर्णन पुष्कळ झाले आहे. आम्हांला त्यात एक हिशेब दिसतो. म्युझियमपासून हे घर पायी तासाभराच्या आतबाहेर. खोलीचे भाडे, शेगडीच्या गॅसचे पैसे, विद्यालयाची फी, परळच्या चाळीत पाठवायची रक्कम आणि भथेनांचे देणे. ज्याने महिनाअखेरचा कामगाराचा संसार पाहिला आहे त्याला कळेल, की पोटाचा खर्च हा एकच खर्च असा असतो जो कोणाला न विचारता कापता येतो.

या उपाशी दिवसांतून निघाले काय? १९२१ च्या जूनमध्ये एम. एस्सी. पदवी मिळाली. १९२२ साली ते बॅरिस्टर झाले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध त्यांनी विद्यापीठाला सादर केला. परीक्षकांना तो फार झोंबला. फेरफार करून द्या म्हणून तो परत आला. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस परतले, तेथून सुधारलेला प्रबंध पाठविला आणि वर्षअखेरीस डी. एस्सी. पदवी मिळाली. सिद्धान्त सोडले नाहीत, भाषा थोडी मवाळ केली.

आर्णीच्या बाजारात कापसाच्या गाड्या पाहणाऱ्यांना या प्रबंधातील एक मुद्दा सहज कळावा. रुपयाचा भाव बाहेरच्या नाण्यात पडला म्हणजे परदेशी माल विकणाऱ्या व्यापाऱ्याला जास्त रुपये मिळतात आणि देशाची भरभराट झाली असे तो म्हणतो. आंबेडकर विचारतात, हा नफा आला कोठून? रुपया पडला की धान्य, कापड, तेल महागते. मजुरी मात्र लगेच वाढत नाही, ती रेंगाळत मागून येते. तेवढ्या काळात मजुराच्या खिशातून जे गेले तेच व्यापाऱ्याच्या तिजोरीत जमा झाले. देशाचा लाभ म्हणून जो दाखविला जातो तो देशातल्याच एका वर्गाने दुसऱ्याकडून घेतलेला असतो. ही गोष्ट सूत्ररूपाने मांडणारा मनुष्य स्वतः त्या वेळी भाड्याच्या खोलीत भाववाढीचे चटके खात होता. १९२५ साली चलनाच्या शाही आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांनी पगारदार आणि मजूर यांची बाजू सोडली नाही.

त्या घरापासून पायी काही मिनिटांवर रीजेंट्स पार्क मार्गावर १२२ क्रमांकाचे आणखी एक घर आहे. फ्रेडरिक एंगेल्स तेथे १८७० पासून १८९४ पर्यंत राहिला. ४ मे १८९० रोजी हाइड पार्कात आठ तासांच्या दिवसासाठी लंडनच्या कामगारांचा प्रचंड मेळावा भरला, तो पाहायला एंगेल्स तेथूनच गेला असणार. मार्क्सही त्याच म्युझियमच्या वाचनालयात वर्षानुवर्षे बसलेला. आंबेडकरांचा आणि या दोघांचा मार्ग एक नव्हता, मतभेद मूलगामी होते. पण एकाच टेकडीच्या पायथ्याशी, एकाच प्रकारच्या विटांच्या भिंतीआड मजुराच्या दिवसाचा आणि मजुरीचा विचार दोन निराळ्या पिढ्यांत झाला, ही गोष्ट आम्हांला मोलाची वाटते. कारण त्याचे फळ आपल्या दारापर्यंत आले. आंबेडकरांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध मुंबईच्या संपात ते कम्युनिस्टांच्या बरोबर उभे राहिले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. कारखान्यातील आठवड्याचे तास चौपन्नावरून अठ्ठेचाळीसवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली. लंडनच्या गवंड्यांनी १८५९ साली जे मागितले त्याहून पुढची पायरी आपल्या कायद्यात आली, तिच्यामागे त्या गवंड्यांनी बांधलेल्या घरांपैकी एकात राहून गेलेला हा भाडेकरू होता.

घराचा पुढील इतिहास अलीकडचा आहे. आंबेडकर येथे राहिले होते अशा आशयाची निळी पाटी भिंतीवर लागली. २०१५ साली घर विक्रीस निघाले तेव्हा महाराष्ट्र शासनाने ते सुमारे ३१ लाख पौंडांस विकत घेतले आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. पुढे शेजारच्या काही रहिवाशांनी तक्रार केली. २०१८ साली तेथील नगरपरिषदेने घराचे संग्रहालय करण्यास परवानगी नाकारली. प्रकरण अपिलात गेले, २०१९ साली जाहीर चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी स्मारकाच्या बाजूने निर्णय दिला.

या वादात आपल्याकडे पुष्कळांनी नकार देणाऱ्यांना शिव्या दिल्या. आमचे मत थोडे निराळे आहे. नगरपरिषदेचे एक कारण असे होते, की शहरात राहायला घरे कमी आहेत आणि राहण्याचे एक घर कमी होणे बरे नाही. भाडेकरूंच्या चळवळीत ज्याने काम केले आहे तो या कारणाला हसणार नाही. खुद्द बाबासाहेबांनी त्यावर विचार करून मगच उत्तर दिले असते. तरीही निर्णय योग्य झाला असे आम्ही म्हणतो. त्या शहरात राजांचे, सरदारांचे आणि धनिकांचे शेकडो वाडे जपून ठेवलेले आहेत. समुद्रापलीकडून कर्ज काढून आलेल्या, जन्माने अस्पृश्य ठरविलेल्या विद्यार्थ्याची एक खोली त्यांत जपली गेली, तर राहत्या वस्तीचे नुकसान अल्प आणि शहराच्या आठवणीची भर मोठी.

दुसरा आक्षेप आमच्याच मित्रांचा होता. एवढ्या पैशात विदर्भात किती वसतिगृहे झाली असती, असे ते विचारीत. प्रश्न खोटा नाही. पण स्मारक किंवा वसतिगृह अशी निवड आपल्यापुढे कोणी ठेवली, तर ती निवडच नाकारावी. आंबेडकरांच्या स्वतःच्या आयुष्यात याचा दाखला आहे. हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. कर्जाची आणि भाड्याच्या खोल्यांची सवय असलेल्या माणसाने हाती पैसा येताच पुस्तकांना घर दिले. त्याच घरात २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचे निधन झाले. जिने परळच्या चाळीत लंडनच्या खोलीचे भाडे आपल्या पोटाला चिमटा घेऊन भरले, तिला स्वतःच्या घराचे सुख थोडीच वर्षे लाभले. किंग हेन्री मार्गावरच्या घराच्या इतिहासात राहिलेल्यांची यादी करायची तर त्या घरात कधीही पाऊल न टाकलेल्या रमाबाईंचे नाव त्यात घातले पाहिजे.

आम्ही ते घर पाहिलेले नाही. छायाचित्रे पाहिली आहेत. तेथे आता बाबासाहेबांची खोली मांडून ठेवली आहे, पुस्तके आहेत, भिंतींवर चित्रे आहेत. पाहून येणारे लोक उंबऱ्यावर डोके टेकतात असे ऐकतो. टेकणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. पण त्या घरात जे घडले ते एका गरीब मुलाला टेबल, दिवा आणि वेळ मिळाल्यामुळे घडले. तीही पुरती मिळाली नव्हती, बरीचशी उपासाने विकत घेतलेली होती.

ही व्याख्यानमाला भरते ते दिवस भट्टीच्या हंगामाचे असतात. नदीकाठी आवे पेटलेले असतात. उचल घेऊन आलेली कुटुंबे हजार विटांच्या दराने काम करीत असतात आणि हजाराचा आकडा लवकर भरावा म्हणून पोरेही हात लावतात. इंग्लंडने लहान पोरांना भट्टीवर लावण्यास १८७१ साली मनाई केली. आपल्याकडेही कायदे आहेत, हंगामी वसतिगृहांची योजनाही आहे. उणीव आहे ती गावातून कोणी तरी जाऊन भट्टीवरच्या मुलांची नावे लिहून घेण्याची आणि ती शाळेच्या पटावर चढेपर्यंत पाठ न सोडण्याची. हे काम आमच्या संघटनेने थोडेफार केले आहे, पण ते एकट्या संघटनेचे नाही. येथे जमलेल्यांपैकी दहा माणसांनी पुढच्या हंगामात एकेक भट्टी वाटून घेतली तरी पुरे. वही आणि पेन्सिल आम्ही देऊ.